बिनकोडचा रेडिओ

दीपमाला गेल्या महिन्यापासून कुणाला म्हणजे कुणालाच घाबरत नव्हती. त्याआधी ती पालीला, गणिताच्या मॅडमना, सळया भरलेल्या ट्रकला आणि माइकला घाबरायची. पण विज्ञान प्रदर्शनात तिनं भंगारातल्या हॉर्नची शाळेची घंटा करून दाखवली, माइक हातात धरून सात मिनिटं श्वास न घेता बोलली, आणि पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या मुलीत धडाडी आहे." संपलं! तेव्हापासून भिंतीवर पाल दिसली तरी दीपमाला तिला म्हणायची, "हो बाजूला, मला कामं हायेत."

तर अशी ही धडाडी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, युनिफॉर्मवरच वडलांच्या दुकानात येऊन बसली. दुकान जालन्यात, अंबड रोडवर. एक माणूस आत गेला की दुसऱ्यानं बाहेर यायचं, एवढंसं. तिचे बाबा साहेबराव गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. बॅटरी, हॉर्न, लाइट, वायपर, गाडीत ज्याला म्हणून वायर आहे ते सगळं त्यांचं. त्या दिवशी ते दुपारीच सामान आणायला एसटीनं संभाजीनगरला निघाले होते. जाता जाता फोनवर बजावलं होतं, "शटर उघडं ठेव. गिऱ्हाईक आलं तर नाव-नंबर लिहून घे. कशाला हात लावू नको."

हे शेवटचं वाक्य जुन्या दीपमालासाठी होतं, असं नव्या दीपमालानं परस्पर ठरवून टाकलं.

दीड वाजला असेल. एक पांढरी गाडी तीन गचके खात आली आणि दुकानासमोर आपोआपच बंद पडल्यासारखी थांबली. स्टेअरिंगवर साठीच्या आसपासच्या एक बाई. पदर खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि गाडी थांबली तरी दोन्ही हातांनी स्टेअरिंग गच्च धरलेलं. शेजारी टोपीवाले काका. काकांचं बोट रेडिओच्या बटणावर होतं.

"साहेबराव कुठंयत?" बाईंनी विचारलं. "सकाळी त्यांनी नवी बॅटरी टाकून दिल्ती. गाडी बराबर चालू झाली. आमी जेवायला गेलो, येऊन बघतो तर रेडिओ गेला."

"गेला न्हाई, रुसला," काका म्हणाले. "कोड मागून राह्यला. मी कवापासून देऊन राह्यलो, तर घेतच न्हाई."

दीपमालानं खिडकीतून डोकं आत घातलं. रेडिओच्या छोट्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'एरर' आणि पुढं नऊचा आकडा.

"काका, हा कंपनीचा रेडिओ हाय ना, याला चोरीचं कुलूप असतं. बॅटरी काढली की त्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी पळवून नेलं. मंग तो मालकाला चार आकड्यांची खूण विचारतो. तुम्ही काय काय टाकलं?"

"गट नंबर टाकला शेताचा. लग्नाचं साल टाकावं म्हणलं, तर याला एक ते सहाच बटणं. मंग मोसंबीची झाडं किती ते टाकलं. जावयाच्या गाडीचा नंबर. लाइटच्या मीटरचे आकडे. एकदा आपलं नुस्तंच एक-दोन-तीन-चार."

"नऊ वेळा?"

"मोजलं न्हाई बा."

"त्यानं मोजलंय! काका, दहाव्यांदा चुकलं की हा कायमचा बंद. मंग रेडिओ न्हाई, नुस्ता डबा."

काकांनी बोट असं मागं घेतलं, जसं काही चटका बसला.

बाईंचं नाव द्वारकाबाई, काकांचं रामकिसन, गाव कुंभार पिंपळगाव. दीपमालानं वहीत लिहून घेतलं आणि सहज म्हणाली, "काकू, रेडिओ काय, उद्यापरवा होईल. तवर मोबाइलवर गाणी लावा."

द्वारकाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"पोरी, मी गाडी शिकले गेल्या वर्षी. अठ्ठावन्नाव्या वर्षी. पोरगा म्हणला, आई तुला न्हाई जमायचं, म्हणून शिकले. आता माझ्या शेजारी जो बसतो, तो भितो. हे बघ, ह्यांच्या पायाकडं बघ."

दीपमालानं बघितलं. गाडी बंद, इंजिन बंद, तरी रामकिसनकाकांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबून बसला होता.

"ह्यांना बघून मला भ्या वाटतं. इंजिनाची घरघर ऐकली की अजून भ्या वाटतं. पण रेडिओवरची ती बाई हाय ना, तिला माहीतच नसतं मी गाडी चालवून राह्यले. ती आपली बिनधास्त कापसावर काय फवारायचं ते सांगते. तिचा आवाज असा ठंडा असला, की मला वाटतं सगळं बराबर चाललंय. गाणं न्हाई चालत. बोलणारं माणूस लागतं, आणि न भिणारं लागतं."

"आणि मोबाइलवर बोलणं लावलं तर मधीच कुणीतरी कर्ज पाहिजे का म्हणून फोन करतं," काका म्हणाले. "मागच्या खेपेला ही त्याच्यावर वरडायच्या नादात थेट उसात."

घाई कशाची, तेही कळलं. द्वारकाबाईंची लेक भावना इथं जालन्यातच, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. पाच दिवसांची मुलगी. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून आज चार वाजता मायलेकींना कुंभार पिंपळगावला न्यायचं. आणि द्वारकाबाईंनी गावभर सांगून ठेवलेलं, नातीला माझ्या गाडीत, मी चालवून आणणार. पण भावनाच्या सासूबाई, अंकुशनगरच्या चांगुणाबाई, भाड्याची जीप घेऊन दवाखान्यात आधीच हजर होत्या. त्यांचा सकाळपासून तिसरा फोन आत्ता आला.

"विहीणबाई, गाडी बंद पडली म्हणे?" आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरजच नव्हती. "कामून जिवाला त्रास करून घेता? चारला डॉक्टर सोडतेत. तुमी आल्या तर ठीक, न्हाई तर आमी आमच्या जीपमधून घेऊन चाललो अंकुशनगरला. महिन्याभरानं या भेटायला."

"चारच्या आधी येते," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांचा हात हळूच पुन्हा स्टेअरिंगवर गेला.

"काकू," दीपमाला म्हणाली, "रेडिओ मी चालू करून देते."

तिनं टपाटप काम सुरू केलं. बाबांना करताना शंभरदा बघितलेलं होतं. दोन पातळ लोखंडी पट्ट्या रेडिओच्या दोन कडांच्या भोकांत सारल्या, 'टिक' झालं, आणि रेडिओ हिरडीतून अक्कलदाढ यावी तसा हळूहळू बाहेर आला. त्याच्या पाठीवर स्टिकर, स्टिकरवर लांबलचक नंबर. तिनं त्याचा फोटो काढला, गाडीच्या कागदांचा फोटो काढला, कारण मालकाची खात्री पटल्याशिवाय कंपनी कोड देत नाही. दोन्ही फोटो बाबांना पाठवले आणि लगेच फोन लावला.

"जय भीम बाबा. तुम्ही ओरडायच्या आधी ऐका."

साहेबराव ओरडले नाहीत. एसटीत होते, माणसं होती आजूबाजूला. म्हणाले, "सर्व्हिस सेंटरवाल्याला विचारून सांगतो. तवर बटणाला हात लावू नको. आणि त्या काकांना गाडीतून बाहेर काढ."

मग सगळे वाट बघत बसले. शेजारच्या टपरीवरून दुर्गाबाईंनी चहा पाठवला. काकांनी तो गाडीबाहेर, रेडिओकडं पाठ करून प्यायला. दीपमालानं तेवढ्या वेळात द्वारकाबाईंना आपल्या प्रदर्शनाची पूर्ण हकीकत सांगितली, पाहुण्यांच्या वाक्यासकट, दोनदा.

तीनला दहा कमी असताना फोन वाजला. पलीकडं एसटीचा खडखडाट, कंडक्टरची बेल आणि कुणाचं तरी रडणारं पोरगं.

"लिही! त्रेसष्ट पंचवीस!"

दीपमालानं लिहिलं.

"वाचून दाखव बरं."

"लिहिलं बाबा! जल्दी हाय इथं!" आणि तिनं फोन ठेवूनही दिला.

रेडिओ तिनं पुन्हा जागेवर बसवला. द्वारकाबाई, रामकिसनकाका, दुर्गाबाई, चहाचा ग्लास परत न्यायला आलेली दुर्गाबाईंची सून, सगळे वाकून बघायला लागले. दीपमालानं बोटं मोडली. तीन. सहा. दोन. पाच.

पडद्यावर 'एरर' आलं, पुढं दहा. मग सगळं पुसलं गेलं आणि एकच शब्द उरला. 'लॉक'.

"आता काय म्हणून राह्यला तो?" काकांनी विचारलं.

दीपमालानं वहीतला आकडा पुन्हा वाचला. फोन पुन्हा वाजला तो तिनं नुसता कानाला लावला.

"लागला का?" साहेबराव.

"न्हाई. लॉक झाला. बाबा, मी तीन सहा दोन पाच बराबर टाकलं, तुमचा माणूसच..."

"तीन सहा? त्रेसष्ट म्हणलो ना मी!"

"तेच की! त्रे म्हणजे तीन, सष्ट म्हणजे साठ. तीन, सहा."

एसटीच्या खडखडाटातून बाबांचा आवाज आला, थकलेला. "आगं माय, त्रेसष्ट म्हणजे सिक्स्टी थ्री."

झालं होतं ते असं. दीपमालाच्या वर्गात गणित इंग्रजीतून. पंचवीस, पन्नास, शंभर हे आकडे बाजारातले, ते तिला झोपेतही कळायचे. पण त्रेसष्ट, अडुसष्ट, एकोणऐंशी असली गर्दी आली, की ती कानाला पडेल त्या क्रमानं लिहायची. आणि मराठी आकडा बोलताना आपलं शेपूट आधी दाखवतो.

तिला वाटलं, सांगावं की रेडिओच खराब होता. काकांनी नऊ चुका केल्याच होत्या, दहावी त्यांच्यात सहज खपली असती. कुणाला काही कळलं नसतं. तिनं द्वारकाबाईंकडं बघितलं. त्या अजूनही 'लॉक' या शब्दाकडं बघत होत्या, जणू तो मधेच विचार बदलेल.

"काकू, माझ्यामुळं झालं," दीपमाला म्हणाली. "बाबांनी बराबर सांगितलं होतं. मी उलटं लिहिलं. वाचून दाखव म्हणले, तर मी फोन ठेवला."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. द्वारकाबाई नुसत्या म्हणाल्या, "दुसरा बसत न्हाई का?"

दुसरा होता. फळीवर नवा रेडिओ खोक्यात होता. पण त्याचं सॉकेट वेगळं, या गाडीच्या वायरीला बसायला मधली जोडपट्टी लागते, आणि तसल्या पट्ट्या आणायलाच तर बाबा गेले होते. सात वाजणार.

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं.

"लावा मंग चांगुणाबाईला फोन," द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात त्यांनी काढून मांडीवर ठेवले.

रामकिसनकाकांनी फोन काढला, पण लावला नाही. ते म्हणाले, "अगं, मी बोलतो की रस्त्यानं. तू चालव."

"तुमी काय बोलता? 'अगं अगं अगं' एवढंच बोलता."

त्या मांडीवरच्या हातांकडं बघून दीपमालाच्या डोक्यात काहीतरी 'टिक' झालं, अगदी रेडिओ निघताना झालं होतं तसंच.

"काकू, तुम्हाला न भिणारं माणूस पाहिजे ना? मी होते रेडिओ."

"तू?"

"मी मागं बसते, ओढणी डोळ्याला बांधून. मला रस्ता दिसणारच न्हाई, तर भिणार कशी? सात मिनिटं बोलले होते मी माइकवर. सत्तर मिनिटं बोलू शकते!"

दुर्गाबाई म्हणाल्या, "ते मातर खरंय. ही बोलते."

फोन अजून चालूच होता. त्यातून साहेबराव म्हणाले, "दीपे, काय चाललंय?"

"बाबा, मी काकूंसोबत दवाखान्यापर्यंत जाऊन येऊ का? दुकान दुर्गामावशी बघतेत."

"जा. नीट जा. आणि त्रेसष्ट म्हणजे किती?"

"सहा-तीन!"

दीपमाला मागच्या सीटवर बसली, युनिफॉर्मची ओढणी डोळ्यांवरून दोन वेढे घेऊन डोक्यामागं गाठ मारली, घसा साफ केला.

"नमस्कार श्रोतेहो. हे दीपमाला केंद्र आहे. दुपारचे तीन वाजून बारा मिनिटं झाली आहेत. आता ऐका, मोसंबीची फळगळ: कारणे व उपाय."

गाडी एकदा गचकली, दोनदा गचकली, आणि निघाली.

मोसंबीबद्दल दीपमालाला एवढंच माहीत होतं की ती सोलून खातात. पण रेडिओनं थांबायचं नसतं. तिनं पालीवर बोलायला घेतलं, की शास्त्रीयदृष्ट्या पाल ही शेतकऱ्याची बहीण आहे. मग भजी कुरकुरीत होण्यासाठी काय करावं. बाहेर हॉर्न, ट्रकचा ब्रेक, सळयांचा खणखणाट. "अगं अगं अगं!" समोरून काकांचा आवाज आला, गाडी डावीकडं हलली, दीपमाला दारावर आपटली. तिला आतून वाटलं, ओढणी फाडून बघावं काय झालं. पण रेडिओला डोळे नसतात. ती तशाच ठंड्या आवाजात म्हणाली, "...आणि बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ घालायला विसरू नका. आता हवामान. जालना शहरात एका टोपीवाल्या काकांच्या भागात घबराटीची शक्यता आहे. उर्वरित भागात सगळं बराबर."

पुढच्या सीटवरून एक फुसकन आवाज आला. द्वारकाबाई हसत होत्या. आणि त्या हसल्या त्या क्षणी गिअर मऊ लोण्यात सुरी जावी तसा पडला. दीपमालाला तो कानांनीच कळला.

"चालू ठेव गं," त्या म्हणाल्या. "तांदळाचं पीठ, मंग?"

गावातली गर्दी आली, गेली. एक रेल्वे फाटक लागलं, तिथं सहा मिनिटं थांबावं लागलं, त्या सहा मिनिटांत दीपमालानं कबड्डीच्या एका अख्ख्या सामन्याचं समालोचन केलं. दोन्ही संघ तिच्याच शाळेचे होते आणि दोन्हीकडून तीच खेळत होती. शेजारचा रिक्षावाला काच वाजवून विचारू लागला, "कंचं स्टेशन हाय हे?"

दहा कमी चारला गाडी थांबली. गचका न खाता. दीपमालानं ओढणी सोडली, तर उजेडानं डोळे दिपले आणि समोर दवाखान्याचं फाटक. फाटकात एक उंच, आडव्या हाडाच्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. न सांगता कळलं, ह्याच चांगुणाबाई.

"आल्या?" चांगुणाबाईंनी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. कुठं ठोकलेलं दिसतंय का ते बघितलं. "आणि ही कोण?"

"रेडिओ," काका म्हणाले. त्यांचा पाय अजून ब्रेकवरच होता, पण चेहरा एकदम उत्साही.

भावना हळूहळू चालत बाहेर आली. तिच्या मागं नर्स, नर्सच्या हातात मुठीएवढ्या लाल तोंडाची एक गुंडाळी. द्वारकाबाईंनी गाडीचा मागचा दरवाजा स्वतः उघडला. आणि मग थबकल्या. का थबकल्या, ते दीपमालाला कळलं. तिला इथूनच परत जायचं होतं. पुढं सत्तरेक किलोमीटर रस्ता होता, आणि आता गाडीत बाळ असणार होतं.

"विहीणबाई, तुमच्या जीपमधून न्यायचं..." द्वारकाबाई चांगुणाबाईंना म्हणायला लागल्या.

"जीप गेली माघारी!" चांगुणाबाई फणकारल्या. "दोन तास थांबली अन् ड्रायव्हर म्हणतो जास्त भाडं द्या. मी म्हणलं, जा! माझी विहीण येणार हाय. आता मीच येते संगं तुमच्या गावापर्यंत. बघते कशी चालवता." आणि त्या मागं बसल्याही. भावनाला एका कडेला नीट टेकवलं, गुंडाळी आपल्या मांडीवर घेतली, पदरानं सावली केली आणि बोलायला लागल्या.

"बघ बाई, नाक आमच्या घराण्यातलं हाय. कान मातर कुणाचेत काय की. तुझ्या आजोबाचे कान असेच, त्याच्यामुळं त्यांना लग्नात फेटा बसेना. मंग काय केलं म्हणती..."

दीपमाला खिडकीशी उभी राहून बघत होती. चांगुणाबाईंचे डोळे बाळाच्या तोंडावरून एक इंचही हलत नव्हते. रस्ता कुठंय, गाडी कुठंय, आपण कुठं बसलोय, कशाचा पत्ता नाही. आवाज मोठा, पण एकसारखा. श्वास कधी घेत होत्या तेही कळत नव्हतं. दीपमालालाही हेवा वाटला.

तिनं द्वारकाबाईंकडं बघितलं. द्वारकाबाईंनी आरशातून मागं बघितलं, आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली आले.

"काकू, स्टेशन लागलं ना?" दीपमालानं हळूच विचारलं.

"लागलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "उद्या-परवा येते नवा बसवायला. तुझ्याच हातानं बसव. आकडे मातर मी टाकीन." त्यांनी आरसा बोटभर सरळ केला, एकदा मागं, एकदा पुढं बघितलं आणि गाडी काढली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. सळयांचा एक लांबलचक ट्रक हॉर्न देत बाजूनं गेला, द्वारकाबाईंनी त्याला शांतपणे पुढं जाऊ दिलं आणि मग वळण घेतलं. खिडकीतून काकांचं "अगं अगं" आलं, पण एकदाच, आणि त्यावरून चांगुणाबाईंचा आवाज गेला, "...फेट्याचं न्हाई झालं, तर मंग टोपी शिवायला टाकली, तर शिंपी म्हणतो कसा..."